न घेतलेली शाल

गुरुवारी दुपारी पावणेपाचला प्रमिला इंगवले दिवाणावर आडवी होते. झोपायचा विचार नसतो. गुरुवार तिच्या सुटीचा वार, आणि सुटीच्या दिवशी दुपारी डोळा लागला की रात्रीच्या झोपेचं खोबरं होतं, हे पंचवीस वर्षांच्या पेपरातल्या नोकरीनं तिला शिकवलंय. ती नुसती पाठ टेकते.

डोक्यावर पंखा फिरतो. त्याचं एक पातं जरा सैल झालंय. प्रत्येक फेऱ्याला चुबुक असा बारीक आवाज येतो. ती ते चुबुक मोजत राहते.

डोळे मिटले की कालचं पान दिसतं. निधनवार्तांच्या रकान्यात तिसरी बातमी: गौरी तलावावरचे ज्येष्ठ नावाडी शिदू रामू भोई, वय ७१. बातमी कदमनं लिहिली होती. कदम वीस वर्षं शहराच्या बातम्या करतो, त्याचा हात आपोआप चालतो. शेवटचं वाक्य होतं, ‘अंत्ययात्रेस मोठा जनसमुदाय उपस्थित होता.’ शहर पानाची प्रमुख म्हणून प्रमिलानं त्याला विचारलं, गेला होतास का. कदम म्हणाला, नाही, हे नेहमीचंच वाक्य, सगळ्यांनाच घालतो. मग आवाज खाली आणून त्यानं सांगितलं की खरं तर खांद्याला माणसं मिळत नव्हती. भोई गल्लीतलं एकही दार उघडलं नाही. शेवटी जावयानं कोपऱ्यावरच्या रिक्षा स्टँडवरून दोघांना हाक मारली.

प्रमिलानं लाल पेननं ते वाक्य काढून टाकलं. कदमला वाटलं, मॅडम कडक आहेत. मॅडमना काय वाटलं ते त्यांनी कुणाला सांगितलं नाही.

दारं का उघडली नाहीत हे भोई गल्लीला ठाऊक होतं. पण ते कारण खोटं आहे हे सबंध गावात प्रमिलाइतकं नेमकं कुणालाच ठाऊक नव्हतं.

सहा वर्षांपूर्वी महापालिकेनं गौरी तलावावरच्या नौकाविहाराचं काम बाहेरच्या एका ठेकेदाराला दिलं. पायानं चालवायच्या बदकांच्या होड्या आल्या, एक मोटारीची लाँच आली, आणि भोई गल्लीतल्या नऊ लाकडी नावा खुंट्याला बांधून ठेवायची वेळ आली. नऊ नावाड्यांनी बिरोबाच्या देवळात जाऊन भंडारा उचलला. हातात देवाची हळद घेऊन केलेली शपथ ती: शुभारंभाला आपल्यातला एकही माणूस जाणार नाही. त्या नऊ जणांतले एक शिदूमामा. पण महापालिकेनं त्यांना न विचारताच पत्रिकेत छापून टाकलं होतं, ‘ज्येष्ठ नावाडी श्री. शिदू भोई यांचा सत्कार’. बाकीचे आठ त्यांच्याकडे तिरक्या नजरेनं बघायला लागले. कुणी गाडी पाठवून ओढून नेऊ नये म्हणून शिदूमामा त्या दिवशी सकाळीच लेकीच्या गावाला निघून गेले.

कार्यक्रम संध्याकाळी सहाचा होता. तालुक्यांना जाणारी डाक आवृत्ती साडेपाचला सुटायची. अशा वेळी पत्रिका समोर ठेवून बातमी आधीच लिहायची, ‘झाला’, ‘केला’, ‘म्हणाले’ अशी. आणि मग कार्यक्रमाहून फोन करून शहराच्या आवृत्तीत काय बदलायचं ते सांगायचं, ही तिच्या पेपरातली रोजची रीत. प्रमिलानं पाच वाजून वीस मिनिटांनी बातमी दिली. कार्यक्रमाला जाण्याआधी घटकाभर पाठ टेकावी म्हणून घरी आली आणि उठली ती साडेआठला. फोन केला नाही. बातमी होती तशीच शहरातही गेली. शिदू भोई यांनी टाळ्यांच्या कडकडाटात शाल आणि श्रीफळ स्वीकारलं.

भंडारा उचलून मोडणाऱ्याच्या घरचं पाणी भोई गल्लीत कुणी पीत नाही.

चुबुक. चुबुक. मोजता मोजता आकडा निसटतो.

पंख्याचा आवाज आता वरून येत नाही. तो दिवाणाच्या खालून येतोय. प्रमिला पाय खाली सोडते तर पायाखाली कचेरीचा जिना आहे. एकोणीस पायऱ्या, तिला पाठ आहेत. ती उतरू लागते. एकोणिसावीनंतर विसावी येते, मग एकविसावी. फरशी संपून काळा दगड लागतो, दगडावर शेवाळ. तिला त्याचं नवल वाटत नाही. फक्त चप्पल हातात घ्यावीशी वाटते, आणि ती घेते.

खाली, जिथं वॉचमनचं टेबल असतं तिथं, एक लाकडी नाव लागलीये. नावेत शिदूमामा बसलेत. डोक्याला तोच मळकट रुमाल, अंगात तीच बंडी. मात्र खांद्यावर नवीकोरी तपकिरी शाल आहे, सोनेरी काठाची, घडीच्या रेघासुद्धा न मोडलेली. मार्च महिन्याचा उकाडा आहे आणि शिदूमामांच्या कानशिलावरून घाम ओघळतोय.

“या, ताई,” ते म्हणतात. “मधल्या फळीवर बसा. कडंला नगो, नाव कलतीया.”

ती बसते. बसल्यावर तिच्या लक्षात येतं की यांना काहीतरी विचारायला हवं, पण ते विचारणं बरं दिसणार नाही.

“मामा, तुम्ही तर…”

“व्हय. मंगळवारी,” ते म्हणतात. परगावाहून कधी आलात, असं कुणी विचारलं की सांगावं तसं.

त्यांनी वल्ही पाण्यात घातलेली असतात. काठ आपसूक मागे सरतो. कुठं जायचंय, असं प्रमिला विचारते.

“तुमी लिवलंय तितंच. ‘अर्ध्या तासाची निवांत सफर.’” ते जरा हसतात. “आमाला वीस मिन्टं लागायची. ही वरची धा मिन्टं कुटनं आणलीसा, त्ये आज बगूया.”

अर्धा तास तिनं कुठून आणला, हे प्रमिलाला आठवत नाही. पत्रिकेतही नव्हता. वाक्यात बरा बसला म्हणून घातला असणार.

तलाव छापला होता तसा आहे. घाट रंगीबेरंगी दिव्यांनी उजळलाय, कारण तिनं तसं लिहिलं होतं. दिवे त्या संध्याकाळी खरोखर लागले होते की नाही, हे तिला आजही माहीत नाही. घाटावर लाल गाद्यांच्या खुर्च्या मांडल्यात आणि एकाही खुर्चीवर माणूस नाही. तरी टाळ्या वाजतायत. पत्र्यावर हरभरे ओतावेत तशा, एकसारख्या, न थांबणाऱ्या. नाव पुढं जाते तसा तो आवाजही बाजूनं चालत येतो.

लांब एका बदकाच्या होडीत एक मूल आणि एक म्हातारं माणूस शेजारी शेजारी बसलंय. दोघांनाही चेहरे नाहीत. ‘आबालवृद्धांनी नौकाविहाराचा आनंद लुटला’ असं तिनं लिहिलं होतं. त्यापलीकडे तिनं त्यांना काही दिलंच नव्हतं.

“त्येंनी लुटला का आनंद, जरा बगून सांगा,” शिदूमामा म्हणतात. “माजी नजर आता लांबचं पकडत न्हाई.”

“दिसत नाही मामा.”

“ऱ्हाऊ द्या मग.”

आणि शरमेची गोष्ट अशी की तिला बरं वाटत असतं. गार वारा सुटलाय. पाण्याला शेवाळाचा आणि भिजल्या लाकडाचा वास आहे. वल्हं वर येतं, चार थेंब गळतात, पुन्हा आत जातं. या तलावाच्या गाळावर, मूर्तींवर, मेलेल्या माशांवर, ठेक्यावर तिनं आजवर शंभरावर बातम्या केल्या असतील. पण ती यात कधी नावेत बसली नव्हती. त्या संध्याकाळी ती आली असती तर हा वारा तिला लागला असता. मग ती विचारत गेली असती, ते शिदू भोई कुठायत हो? आणि कुणीतरी सांगितलं असतं, आले नाहीत. एवढंच. दोन शब्दांचं काम होतं.

वल्हं कशाला तरी खट्कन लागतं. लाकूड आहे. टेबलाचा पाय आहे.

पाणी आता गुडघ्याएवढंच उरलंय आणि ते संपादकीय विभागात साचलंय. टेबलं अर्धी बुडाली आहेत. कागद तरंगतायत. प्रमिला काचेच्या केबिनमध्ये आहे आणि शिदूमामा बाहेर आहेत, वॉचमनशेजारी, हातात प्लास्टिकच्या पिशवीत घडी घातलेला अंक. ही चौथी खेप, हे तिला लगेच कळतं.

पहिल्या खेपेला ती त्यांच्याशी नीट बोलली होती. चहा मागवला होता. त्यांनी अंक उलगडून बातमीवर बोट ठेवलं, आपण त्या दिवशी गावातच नव्हतो हे सांगितलं, भंडाऱ्याचं सांगितलं. ती म्हणाली होती, मामा, वाईट कुठं लिहिलंय, चांगलंच लिहिलंय ना तुमच्याबद्दल. दुसऱ्या खेपेला ती म्हणाली, बघते. तिसऱ्या खेपेला त्यांनी सांगितलं की देवळात त्यांना बाहेर उभं केलं, घरी कुणी पाणी पीत नाही, बायको नळावर गेली की बाकीच्या घागरी उचलून जातात. मी गेलो नव्हतो असं म्हटलं की सगळे म्हणतात, पेपरात आलंय. तुम्ही दोन ओळी छापा, एवढंच मागणं. तेव्हाही ती म्हणाली, बघते. आणि चौथ्या खेपेला तिनं वॉचमनला सांगून ठेवलं होतं.

“बाई भाईर गेल्यात,” वॉचमन म्हणतो.

प्रमिला टेबलाखाली वाकलेली आहे. खाली न पडलेलं पेन शोधतेय. पाणी हनुवटीला लागतं. काचेपलीकडे शिदूमामांचे पाय दिसतात, पायताणं नसलेले, ओले. ते पाय जरा वेळ तिथंच राहतात. मग वळतात.

काच पाण्यासारखी हलते आणि विरते. ती पुन्हा मधल्या फळीवर बसलीये. शिदूमामा समोर बसून वल्हवतायत.

“तवा तुमी आतच हुतासा,” ते म्हणतात.

“होते.”

“मला दिसत हुतासा. टेबलाखाली डोस्कं घातल्यालं.”

“मग तुम्ही बोलला का नाहीत?”

शिदूमामा वल्हं बाहेर काढतात आणि त्यावरची शेवाळाची दोरी बोटानं निपटून पाण्यात टाकतात.

“तुमाला लाज वाटंल म्हणून,” ते म्हणतात.

टाळ्या चालूच असतात.

यावर काही बोलायलाच हवं, म्हणून प्रमिला बोलत सुटते. ती सांगते की शहराचं पान तिला नुकतंच मिळालं होतं. त्याआधी बारा वर्षं तिला पाककृती आणि हळदीकुंकवाच्या बातम्या लिहायला बसवलं होतं. बाई माणसाला शहर झेपायचं नाही, असं म्हणणारे दोघंतिघं टपूनच होते. खुलासा छापला असता तर ती कार्यक्रमाला गेलीच नव्हती हे उघड झालं असतं आणि पान दुसऱ्या दिवशी काढून घेतलं असतं. ती हे सगळं नीट, तारीखवार सांगते. यातलं काहीच खोटं नाही. शिदूमामा ऐकत असतात. चाळीस वर्षं त्यांच्या नावेत बसून माणसं आपापल्या घरच्या गोष्टी बोलत आली, त्या ऐकायची त्यांना सवय.

“ऱ्हायलं न्हवं मग पान?” ते विचारतात.

“राहिलं.”

“बरं झालं,” ते म्हणतात.

प्रमिला त्यात टोमणा शोधते. तो तिथं नसतो. ते खरंच म्हणतायत.

मग ते शाल दोन बोटांनी खांद्यावरून जरा उचलतात, अंगाला चिकटलेला ओला सदरा उचलावा तशी, आणि म्हणतात, उकडतंय, ही तेवढी काढा. प्रमिला पुढं सरकते. नाव डुलते. ती शाल ओढते. शाल सहज येते, आणि खाली दुसरी असते, तशीच तपकिरी, तशाच घडीच्या रेघा. ती काढली की तिसरी. ती काढत राहते. नावेच्या तळाशी ढीग होतो, पाण्याची रेघ फळीजवळ येऊ लागते, आणि शिदूमामांच्या खांद्यावर शाल असतेच. त्या वर्षी अंकाचा खप अठरा हजार होता, हे तिला आठवतं आणि तिचे हात थांबतात.

“मामा, तुम्हीच उतरवा ना.”

“मी घेतलीच न्हाई, ती मी कशी उतरवू?” ते शांतपणे म्हणतात. “ज्येनं घातली त्येनं काडावी.”

काढायची कशी, असं ती विचारत नाही, कारण पलीकडचा घाट दिसायला लागलाय. तिथं दिवे नाहीत. पायऱ्यांवर आठ माणसं उभी आहेत, पाठमोरी. मधली रुंद पाठ दौलूनानांची. ते नावाड्यांमधले वडीलधारे. देवळात भंडाऱ्यात पहिला हात त्यांनी घातला होता आणि शिदूमामांकडे पहिली पाठही त्यांनीच फिरवली. त्यांच्या पलीकडे कळकाची तिरडी आहे. तिचा पुढचा भाग खाकी कपड्यांतल्या दोन रिक्षावाल्यांच्या खांद्यावर आहे. मागचा भाग जमिनीला टेकलाय.

तिरडी रिकामी आहे. जिचं माणूस ते इथं नावेत बसलंय.

“आता वल्ही तुमी घ्या,” शिदूमामा म्हणतात. “मेल्याल्या माणसानं किती वल्हवायचं?”

त्यांना स्वतःच्या बोलण्याचं हसू येतं. ती जागा बदलते, वल्ही हातात घेते. नाव जागच्या जागी गोल फिरते. उजवा हात जोरात पडतोय, असं ते सांगतात. लिवायचा हात न्हवं, ते सांगतात, त्यो जादा शेफारलाय, डाव्यालाबी काम द्या. ती दात आवळून दोन्ही हात सारखे ओढू लागते. लाकूड खडबडीत आहे, जुनं, पाण्यानं फुगून पुन्हा वाळलेलं. दहा ओढींत तळवे गरम होतात. वीस ओढींत आग होते. घाट जवळ येत नाही, मग एकदम येतो. नाव शेवटच्या पायरीपासून दोन हातांवर थांबते आणि तिथून पुढं सरकत नाही.

काय करायचं ते कुणी सांगायला लागत नाही. ती उभी राहते. आठही पाठींकडे बघून ती बोलू लागते, आणि जे येतं ते असं येतं: “दिनांक सहा मार्च रोजी प्रसिद्ध झालेल्या वृत्तात नजरचुकीने…”

“नजर चुकाय तुमी हुतासा कुटं तितं?” मागून शिदूमामा म्हणतात.

“अनवधानानं…”

पाठी हलत नाहीत.

“त्याबद्दल आम्ही दिलगीर आहोत.”

“आमी म्हंजी किती जण?” शिदूमामा विचारतात. खरंच माहीत नसल्यासारखं विचारतात. ती वळून नावेकडे बघते. नावेत ते दोघंच आहेत.

टाळ्या थांबल्यात. कधी थांबल्या ते तिला कळलं नाही. आता फक्त नावेच्या कडेला लागणाऱ्या पाण्याचा आवाज आहे, आणि तोही कमी होतोय.

“शिदूमामा आले नव्हते,” ती म्हणते. आवाज लहान येतो, मुलीसारखा. ती पुन्हा म्हणते. “आले नव्हते. ते गावातच नव्हते. शाल त्यांनी घेतली नाही. भंडारा त्यांनी मोडला नाही. तो कार्यक्रम व्हायच्या आधीच बातमी लिहून झाली होती. पत्रिका बघून लिहिली होती. नंतर ते चार वेळा सांगायला आले, आणि चारही वेळा त्यांना परत पाठवलं.”

आठातली एक पाठ हलते. खांदा जरासा खाली येतो, ओझं घ्यायला माणूस वाकतो तसा, आणि तिथंच थांबतो. दौलूनाना मान न वळवता विचारतात:

“लिवली कुणी? परत पाठिवलं कुणी?”

प्रमिला तोंड उघडते. तोंडात उत्तर तयार असतं. पंचवीस वर्षं बातमीच्या डोक्यावर बसणारं, तिच्या जिभेला तिच्या नावाहूनही सवयीचं: ‘आमच्या प्रतिनिधीकडून’. ती ते गिळते. आठ माणसं वाट बघतायत. तिरडीचा मागचा भाग जमिनीवर आहे. रिक्षावाल्यांपैकी एक खांदा बदलतो.

ती शिदूमामांकडे बघते. त्यांनी मान वळवलीये. ते लांब पाण्याकडे बघतायत, तिकडे काही नसताना, अगदी मन लावून. तिच्याकडे बघायचं नाही म्हणून बघतायत. तेव्हा काचेपलीकडून वळले होते, तसेच.

“मामा, इकडं बघा,” ती म्हणते. “बघा माझ्याकडं. मी सांगते.”

वल्हं हातातून सुटतं आणि पाण्यात पडतं.

पावणेसात वाजलेत. खिडकीबाहेर रस्त्यावरचे दिवे नुकते लागतायत, अजून पांढरे पडलेले, पुरते न पेटलेले. पंखा फिरतोय. दिवाणाच्या कडेला ठेवलेला फोन वाजतोय. फोन कदमचा.

ती हात लांबवते. फोन उचलला जात नाही. तळव्यातून अशी कळ येते की तो चटईवर पडतो. ती दोन्ही हात खिडकीच्या उजेडात धरते. प्रत्येक तळव्यावर बोटांच्या मुळाशी चार फोड आहेत, एका ओळीत, पाण्यानं भरलेले. उजव्या हाताचा पहिला फुटलाय. ती डोळे चोळून पुन्हा मोजते. आठच. या आठवड्यात तिनं पेनपेक्षा जड काही धरलेलं नाही. सकाळी भांडीसुद्धा बाईनं घासली. ती फोडावर बोट दाबून बघते. दुखतं.

फोन बंद होऊन पुन्हा वाजू लागतो. या वेळी ती तो दोन मनगटांत धरून उचलते.

कदमला उद्याच्या पानाचं विचारायचं असतं. महापालिकेच्या सभेची बातमी आखूड निघालीये, खाली जागा उरते, एखादं छायाचित्र टाकू का? प्रमिला म्हणते, छायाचित्र नको, वीस ओळी मी सांगते, लिहून घे. खुलासा आहे. कशाचा, असं तो विचारतो. ती तारीख सांगते. पलीकडे कदम पुटपुटत वर्षं मोजतो.

“मॅडम, सहा वर्षं झाली. आणि तो माणूसही आता नाही.”

“भोई गल्ली आहे.”

“तुम्ही म्हणाल तसं. मग सुरुवात नेहमीचीच करतो. ‘नजरचुकीने.’”

“नको. लिही, बातमीदार त्या कार्यक्रमाला गेलीच नव्हती. कार्यक्रमाच्या आधी घरी येऊन झोपली होती.”

कळफलकाचा आवाज सुरू होतो आणि मध्येच थांबतो. कदम खालच्या आवाजात सांगू लागतो की हे असं छापलं तर वरून फोन येईल, नुसता खुलासा दिला तरी भागेल, आपल्यातल्या कुणाचं तरी नाक उगाच कापलं जाईल. तो चांगल्या मनानं सांगतोय हे तिला कळतं. ती त्याला बोलू देते. मग पुढच्या ओळी सांगते: शिदू भोई यांनी शाल स्वीकारली नाही, ते त्या दिवशी गावात नव्हते, त्यांनी भंडारा मोडला नाही. ते हे सांगायला चार वेळा कचेरीत आले. चौथ्या वेळी बातमीदार आत असताना, ती बाहेर गेलीये असं त्यांना सांगण्यात आलं.

“सांगण्यात आलं नको,” ती स्वतःलाच थांबवते. “तिनं सांगायला लावलं. असं लिही.”

“लिहिलं,” कदम म्हणतो. मग जरा घुटमळतो. “मॅडम, लोक विचारणार, बातमीदार कोण म्हणून.”

“नाव घाल.”

“कुणाचं?”

खिडकीतला उजेड आता पिवळा झालाय. ती त्याला नाव सांगते, आडनावासकट, सावकाश, तो टाइप करील तेवढ्या वेगानं. मग तो ते वाचून दाखवतो आणि ती बरोबर म्हणते. अंक सुटला की पहिला गठ्ठा बांधायच्या आधी त्यातला एक माझ्यासाठी काढून ठेव, दौलूनानांकडे मला स्वतःला जायचंय, एवढं सांगून ती फोन ठेवते.

फुटलेल्या फोडातलं पाणी मनगटापर्यंत ओघळलंय. ती उजवा हात मिटायला बघते. बोटं अर्ध्यावर येऊन थांबतात. मूठ मिटत नाही.